भाद्रपदातला बर्फ

२ जुलै
पावसाचं चित्र लावलं. तिरप्या काळ्या रेघा, नदी, आणि काठाने वाकून चाललेला माणूस — अंगावर गवताचा झगा. यांनी खाटेवरून नेहमीचंच विचारलं, "मॅडम, बदलला का तुमचा जपान?" मग डोळे बारीक करून, "हा तर आपला भावसिंग धनगर! मेंढरं मागं राहिली वाटतं."
दर आषाढात हेच म्हणतात. दर आषाढात मी हसते. आज हसू आलं नाही.
काल नांदेडच्या डॉक्टरांनी शिवप्रसादला बाजूला घेतलं होतं. "हृदय फार थकलंय. दिवाळीच्या पुढचं मी काही बोलत नाही." लेकाने येताना गाडीत मला हलक्या आवाजात सांगितलं. हे मागे झोपले होते. झोपलेच होते ना?

५ जुलै
ट्रंक उघडून बाकीची चित्रं पुसली. मूळ ते एक कॅलेंडर. लग्नाआधी मी शिकवायचे ती नागपूरची शाळा सोडताना सिस्टर बेनेडिक्टांनी हातात ठेवलेलं. त्या तरुणपणी जपानात शिकवायला होत्या. लाकडावर कोरून, रंगागणिक वेगळा ठसा उठवून अशी चित्रं कशी छापतात ते सांगायच्या. आणि हेही, की तिथे भिंतीवर एका वेळी एकच चित्र लावतात, त्या ऋतूचं. "सगळे ऋतू एकदम टांगले तर डोळ्यांनी वाट कशाची बघायची?"
निम्मी चित्रं वाळवीने नेली. उरली ती जपली.
लग्न होऊन या गावात आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "देवाचा फोटू आणायचा सोडून हे काय आणलं बाई!" यांनी पुढच्या बाजाराला कळमनुरीहून फ्रेम करून आणली. मागे खिळे नाहीत, लाकडी फिरक्या. चित्र बदलता यावं म्हणून! तेव्हा मला कळलं, इथे माझं निभेल.

२० जुलै
पायांवर सूज. पुनमने मीठ बंद केलं. "सूनबाई, त्यापरीस मलाच बंद करा." ती बिचारी पदर तोंडाला लावून आत गेली.

८ ऑगस्ट
"बर्फाचं चित्र लाव," हे म्हणाले.
मी म्हटलं, पौषात लावीन.
"काहून? आता लावलं तं काय होतं?"
"पाळी नाही त्याची."
"मॅडम, शाळा सुटली तुमची. कव्हाच!"
मी उठून स्वयंपाकघरात गेले. उगीच डबे पुसले. बर्फ आत्ता लावायचा म्हणजे पौष यांना दिसणार नाही, हे मी माझ्या हाताने भिंतीवर टांगायचं. नाही लावणार!

९ ऑगस्ट
पुन्हा मागितलं. नाही म्हटलं.

२३ ऑगस्ट
आरोही आली आहे पुण्याहून. माझी नात; चित्रकला शिकते. ट्रंक उघडून बसली आणि लाल चित्र उचलून म्हणाली, "आजी, हे शरदातलं ना?"
"अगं, तो पळस आहे. फाल्गुनातला."
"फुलं नाहीत गं ती. मेपलची पानं. गळायच्या आधी लाल होतात."
चष्मा लावून पाहिलं. पानंच! टोकाटोकांची, सरळ सरळ पानं. लग्नापासून मी दर होळीला गळती पानं लावत आले — बाहेर पळस पेटलेला, म्हणून आतलाही पळसच, असं धरून.
यांना सांगितलं. इतके हसले की खोकला लागला. "आपल्या रानात तवाच लाल व्हतं ना? मंग बराबर हाय. जपानवालेच चुकले."
आरोही पाणी आणायला गेली. हे पावसाच्या चित्राकडे बघत राहिले.
"पानं फाल्गुनात चालली इतके वर्सं. मंग बर्फानंच काय घोडं मारलं?"
मी ट्रंक लावायला उठले.
"त्या दिवशी गाडीत मी जागा व्हतो."

२६ ऑगस्ट
बर्फ लावला.
निळसर संध्याकाळ. पांढरी छपरं. छत्री घेतलेला एकजण, पाठमोरा, आणि दूर एका खिडकीत पिवळा उजेड. आरोही म्हणाली, बर्फाला रंगच नाही आजी, तिथे कागद नुसता कोरा सोडलाय. इतकी वर्षं हेही मला दिसलं नव्हतं.
हे बराच वेळ बघत होते. "कापसाच्या गंजीवाणी दिसून राहिलं." मग हळूच, "पोचंल का गं ह्यो घरी?"
"दिवा ठेवलाय ना त्याच्यासाठी."
"व्हय."
त्यांचा हात माझ्या हातावर होता. बाहेर पावसाची झड, आणि आत माझ्या हाताने आणलेली थंडी.

७ ऑक्टोबर
काल कोजागिरी. चंद्राचं चित्र ट्रंकेतच राहिलं. बर्फाला हात लावू देत नाहीत. दूध घोटभर घेतलं.

२२ ऑक्टोबर
पाडवा. ओवाळलं. निरांजन जरा जास्तच वेळ फिरवलं.

१६ नोव्हेंबर
दिवाळी गेली, तरी डॉक्टरांना फोन करायचा नाही असं मी शिवप्रसादला सांगितलंय. विचारलं की बोलतील काहीतरी. हे दिवसभर झोपतात. मी श्वास ऐकत बसते, आणि तो छत्रीवाला तिथेच, खिडकीच्या अलीकडे.

२२ डिसेंबर
पौष लागला. बर्फाची पाळी आजपासून, आणि भिंतीवर तो शिळाही झाला!
उन्हं आल्यावर खाटेवरून आवाज, बारीक पण स्वच्छ — "मॅडम, काढा ते आता. थंडी वाजून राहिली. पळसाचं लावा."
तो पळस नाही, हे दोघांनाही ठाऊक आहे.
फिरक्या सोडल्या. लाल चित्र लावलं. या वेळी पाळीचं नाव काढलं नाही मी.