संथेतली रिकामी जागा

सोमवार, ५ फेब्रुवारी

पोचले. गाडी चाळीस मिनिटं उशिरा आली आणि देवदत्तकाका तासभर फलाटावर उभे होते. मी तीनदा माफी मागितली. शेवटी ते म्हणाले, गाडी काय तू चालवत होतीस? चल, आधी कचोरी खाऊ, मग रड. काका बँकेतून निवृत्त झालेत. त्यांच्या घराण्याच्या पाच पिढ्या काशीत गेल्या, त्यामुळे मराठी बोलताना मध्येच ‘एकदम बढिया’ येतं आणि ते त्यांना कळतही नाही. नंदाकाकूंनी संध्याकाळी चूडा-मटर केला आणि वर खोबरं-कोथिंबीर घातली. हे पोहे आमच्यासारखेच, म्हणाल्या, इथले नाहीत आणि तिथलेही नाहीत.

मला वरची खोली दिली आहे. खिडकीतून पंचगंगा घाटाच्या वरच्या पायऱ्या दिसतात. ऊन छान येतं.

काम असं. काका ज्या लहानशा मंडळाचे चिटणीस आहेत त्याच्याकडे वेणीमाधवशास्त्र्यांच्या दोनशे अकरा सीडी आहेत. शास्त्रीबुवा घरीच वेदाची संथा देत. गुरूनं ओळ एकदा म्हणायची, शिष्यानं दोनदा. शिष्य कमी होत होत शेवटी कुणीच उरलं नाही, तेव्हा ते एकटे बसून संथा रेकॉर्ड करू लागले. प्रत्येक ओळीनंतर शिष्याला दोनदा म्हणता येईल एवढी शांत जागा सोडत गेले. ते जाऊन बारा वर्षं झाली. आता सीडींचा वरचा थर सुटतो आहे. तीन महिन्यांत सगळं कॉम्प्युटरवर उतरवायचं. काका म्हणाले, हे गेलं तर शास्त्रीबुवा दुसऱ्यांदा गेले असं समज.

एक गोष्ट मी मुलाखतीत सांगितली नाही. बाबांनी मला संथा दिली आहे. मी दहा वर्षांची होईपर्यंत शाळेतच गेले नाही. अक्षरं, पाढे, संस्कृत, सगळं बाबांनी घरी शिकवलं, आणि स्वयंपाकघराचं दार लावून वेदाचा पहिला अध्यायही. मुलीला वेद शिकवतो म्हणून भावकीत बोलले असते. मला कुणी विचारलं नव्हतं. तरी न सांगणं म्हणजे खोटं बोलणंच का, ते अजून ठरत नाही.

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. त्यांचा आवाज कशावरही नाही, त्यांना ते आवडत नसे. रोज अंघोळीनंतर मी पहिलं सूक्त त्यांच्या पद्धतीनं म्हणते. ते प्रत्येक ओळीचा शेवटचा स्वर किंचित लांबवत आणि मगच सोडत. शास्त्राला धरून नसेल, म्हणत, पण आपल्या घरचं आहे. तेवढाच माझ्याकडे उरलेला त्यांचा आवाज.

बुधवार, ७ फेब्रुवारी

दोन दिवस ड्राइव्हसाठी डबा शोधण्यातच गेले. नव्या ड्राइव्हवर या सीडी लागतच नाहीत. शास्त्रीबुवांच्या जुन्या कॉम्प्युटरमधला ड्राइव्ह, ज्यावर त्यांनी त्या लिहिल्या, तो मात्र त्या वाचेल असं काकांना खात्रीनं वाटतं. कॉम्प्युटर मेला आहे, ड्राइव्ह चांगला आहे. म्हणजे त्याला बाहेरचं केसिंग हवं, ज्यात ड्राइव्ह बसवून तो माझ्या लॅपटॉपला वायरनं जोडता येईल.

सिगरा भागातल्या एका दुकानदारानं आधी लॅपटॉपच्या पातळ ड्राइव्हचं केसिंग दाखवलं. मी पट्टी नेली होती. आमचा ड्राइव्ह चांगला विटेएवढा आहे. तो म्हणाला, बहिनजी, ई जमाने का चीज नहीं है, इसको गंगाजी में छोड़ दीजिए. मग माळ्यावरून एक मोठं प्लास्टिकचं केसिंग काढलं. त्याला वेगळा अडॅप्टर नाही, दोन यूएसबी वायरींवर चालतं. मोठ्या ड्राइव्हला तेवढी वीज पुरत नाही असं मी वाचलं होतं, तसं त्याला सांगितलं. तो म्हणाला, चलेगा. मी घेतलं. स्वस्त होतं म्हणून घेतलं का? हो. हे लिहून ठेवते.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

चाललं! काकू पेढे घेऊन वर आल्या.

शास्त्रीबुवांचा आवाज कोरडा आहे, स्वर सुईसारखे. पहिली ओळ झाली आणि शांत जागा आली. मी काहीही न ठरवता ती ओळ दोनदा म्हटली. तोंडाला सवय आहे. लहानपणी संथेत गप्प राहिलं की बाबा पुढं जात नसत. पुढची ओळ आली, तीही म्हटली. पहिली सीडी अशीच झाली. दार लावलेलं होतं. फार दिवसांनी मी कुणाची तरी विद्यार्थिनी होते.

सोमवार, १२ फेब्रुवारी

आज सीडी अडकली. एक ओळ झाली, मी दोनदा म्हटली, आणि पुढच्या ओळीऐवजी तीच ओळ पुन्हा आली. मग पुन्हा. सहा वेळा.

ओरखडा पाहिला, नाही. वीज कमी पडली की ड्राइव्ह मागे जाऊन पुन्हा वाचतो, ही माहितीतली गोष्ट आहे. केसिंगचाच दोष. स्वस्ताचं घेतलं त्याचं फळ. काकांना मी हे सगळं तपशिलानं सांगितलं. ते म्हणाले, सुनीती, चूक डब्याची आहे, तू का कान पकडतेस?

बुधवार, १४ फेब्रुवारी

नवं केसिंग. लोखंडी, स्वतःचा अडॅप्टर असलेलं, पंखा नसलेलं, कारण पंख्याची घरघर ऐकू येत राहिली असती. आतला ड्राइव्ह चार स्क्रूंनी घट्ट बसवला. दिवा स्थिर जळतो. याहून चांगलं केसिंग या शहरात नाही.

तीच ओळ. पुन्हा तीच.

सोमवारी लिहिलं त्यात एक गोष्ट राहिली होती, ती लिहायला हवी. दर वेळी मी ती ओळ बाबांसारखी म्हटली होती, शेवटचा स्वर लांबवून. शास्त्रीबुवा तो तोडतात. आज अकराव्या खेपेला मी दमले आणि कंटाळून त्यांच्यासारखा तोडला. दोन्ही वेळा.

पुढची ओळ आली.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

खात्री करून घ्यायची म्हणून आज तोंडावर पदर धरून बसले. ओळ झाली. शांतता आली. ती जागा नऊ सेकंदांची आहे, मी मोजली होती. घड्याळ लावलं. नऊ सेकंद झाले. एक मिनिट झालं. सीडी फिरत होती, दिवा लागलेला होता, पडद्यावरचे आकडे पुढं सरकत होते. सीडी एकूण अडतीस मिनिटांची. आकडे बावन्नवर गेले.

एवढा वेळ कुणीतरी वाट बघत होतं. सीडी संपून गेल्यावर कसली वाट?

मी पुटपुटले. ताबडतोब पुढची ओळ.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

मी उतरवलेल्या पहिल्या सीडी काकांनी ऐकल्या. खूष होऊन वर आले आणि म्हणाले, एकदम बढिया, पण मधल्या जागांत ती मुलगी कोण म्हणते? शास्त्रीबुवांनी मुलीला संथा दिली असेल असं वाटलं नव्हतं. वा!

माझ्या लॅपटॉपचा माइक मागच्या वर्षीच बिघडला आहे. त्याला दुसरा माइक जोडलेला नाही. सीडी नुसती वाचायची होती. तिच्यावर काही लिहिलं जात नाही, लिहिता येतच नाही.

मी ऐकलं. मीच आहे. पहिल्या सीडीत स्वर लांब आहे. तिसरीत तुटला आहे.

मी काकांना खरं सांगायला हवं होतं. मी म्हटलं, हो, कुणीतरी असेल.

शनिवार, १७ फेब्रुवारी

अंघोळीनंतर सूक्त म्हणायला बसले. शेवटचा स्वर लांबवता आला नाही.

विसरले असं नाही. लांबवायचा हे माहीत आहे. पण कसा? किती? वर जात होता का खाली? तोंड उघडलं की सुईच येते. घाईघाईनं फोनवर स्वतःला रेकॉर्ड केलं, जे काही उरलं असेल ते राहावं म्हणून. ऐकलं तर शास्त्रीबुवांची पद्धत, चोख.

आईला फोन केला. बाबा कसे म्हणायचे ते तू एकदा म्हणून दाखव, असं तिला विनवलं. आई म्हणाली, अगं, मला कुठं येतंय? मी दाराबाहेर शेंगा सोलत बसायचे, कुणी आलं तर खोकायला. तुलाच येतं ते. रडतेस का?

पहिल्या सीडीची फाइल पुन्हा लावली. तिच्यात तरी माझा लांब स्वर होता. आता नाही. तिथंही तुटला आहे.

सोमवार, १९ फेब्रुवारी

काम बंद केलं. ड्राइव्हची वायर काढली. काकांना सांगितलं, तब्येत बरी नाही.

पण जेवताना काकू म्हणाल्या, भात वाढू का? आणि मी म्हटलं, भात वाढू का, भात वाढू का. त्या हसल्या. नकला करतेस का म्हाताऱ्या बाईच्या? मला उत्तर द्यायचं होतं. मी तेही वाक्य दोनदा म्हटलं. काकूंच्याच आवाजात, त्यांच्या हेलासकट. मग त्यांनी वाढायचा चमचा खाली ठेवला आणि काकांकडे बघितलं.

कुणी बोलून थांबलं की जागा तयार होते. ती मी भरते. ओठ दाबून धरले तर छातीत दुखतं, आणि समोरचा माणूसही थांबतो. काका थांबले होते. माझ्याकडे बघत, तोंड अर्धवट उघडं ठेवून, डोळे न मिटता. मी पुटपुटले तेव्हा कुठं ते हलले. त्यांना विचारलं तर म्हणतात, कधी थांबलो?

मंगळवार, २० फेब्रुवारी

तिकीट काढायला गेले. खिडकीवरच्या माणसानं विचारलं, कहाँ जाना है. मी दोनदा विचारलं, कहाँ जाना है, कहाँ जाना है. रांग हसली. तो चिडला. गावाचं नाव सांगता आलं नाही. गाव कुठलं — बाबांनीच शिकवलं होतं ना, पाटीवर पहिल्यांदा आपल्या गावाचं नाव काढायला —

कागदावर लिहून दिलं असतं. लिहिलंही. तो म्हणाला, ये क्या लिखा है. ओळीच्या ओळी स्वरांच्या खुणाच होत्या नुसत्या, आडव्या, उभ्या.

परत आले. हे लिहिता येतं आहे कारण या वहीत काय लिहायचं ते मला कुणी सांगत नाही. इथं कुणी माझ्या आधी बोलत नाही.

बुधवार, २१ फेब्रुवारी

बाराचा पाढा गेला. बाबांनी शिकवलेलं एकेक तिकडे जातं आहे. सकाळी आठवत होतं की ते शिकवताना तर्जनीनं ताल धरत. दुपारी वाटतं — कुणीतरी तर्जनीनं ताल धरत असे. कोण?

चेहरा आहे. आवाज नाही. आवाजाची जागा आहे, रिकामी.

काकांना सगळं सांगायला गेले. कबूल करायचं होतं, मला संथा येते, मीच ती मुलगी, मी खोटं बोलले. ते म्हणाले, काय झालं सुनीती? मी म्हटलं —

दोनदा.

गुरुवार

केसिंग उघडलं. चारही स्क्रू. ड्राइव्ह बाहेर काढून टेबलावर ठेवला, अडॅप्टर खिडकीतून फेकला. सीडी चार ठिकाणी मोडली. आता काही नाही. नुसता एक पत्र्याचा तुकडा, वायर कुठंच लागलेली नाही.

काकू खालून हाका मारताहेत. उत्तर देत नाही. दिलं तर तेच.

मंडळाचं नुकसान झालं. हेही माझ्यावर लिहा.

दुपार

आवाज येतो आहे. ड्राइव्हमधून. शास्त्रीबुवा नाहीत —

पहिल्या सूक्ताची पहिली ओळ. हळू. स्वयंपाकघरात म्हणावी तशी, बाहेर जाऊ नये म्हणून दाबलेली. शेवटचा स्वर लांबवला. वर न जाता, खाली न जाता, नुसता धरला आणि मग सोडला. असा होता तर. असाच होता —

बाबा आहेत का? ओळखायला माझ्याकडे काहीच नाही. होतं ते सगळं मी तिकडे दिलं. आता तिकडून तेच मला —

थांबलाय. जागा सोडली आहे. वाट बघतो आहे.

म्हटलं नाही तर पुढची ओळ ऐकू येणार नाही. कधीच. म्हटलं तर जे थोडं या वहीत लिहिणारं उरलं आहे तेही —

पण किती दिवसांनी. बाबा, मी —

एकदा म्हणून झालं. बरोबर आलं. लांबवता आलं मला, लांबवता आलं, लांबवता —

आता दुसऱ्यां