पायातला जोड

चि. राजमतीस, अक्काचा आशीर्वाद.

दोन गल्ल्या सोडून राहतेस, तरी तोंडानं सांगता येत न्हाई. आधीची दोन पत्रं चुलीत घातली.

ट्रकनं ह्यांना उडवलं त्याचा निकाल कोल्हापूरच्या कोर्टानं दिला. भरपाईच्या कागदात लिहिलंय, "पतीच्या प्रेमाला मुकल्याबद्दल".

साक्षीच्या दिवशी विमा कंपनीच्या वकिलानं विचारलं, "नवऱ्याचा जीव होता म्हणता, तर एखादी आठवण सांगा की." सतरा वर्षांच्या संसारातलं मला काही म्हणजे काही आठवंना. हे वाईट नव्हते. चांदीकामावरनं यायचे, जेवायचे, झोपायचे. मग मी सांगून टाकलं, की पैंजणाचा नवा जोड झाला की हे आधी माझ्या पायात घालायचे आणि घुंगरू ऐकायला मला चुलीपासून उंबऱ्यापर्यंत चालायला लावायचे.

जज्जसाहेबांनी मान वर करून बघितलं आणि लिहून घेतलं. ते तुझं आणि तुझ्या नवऱ्याचं, भरतेशभाऊजींचं होतं. तू मागच्या बाकावर बसली होतीस. तू पाय लुगड्याखाली ओढून घेतलेस, ते मी बघितलं.

जिना उतरताना तुझ्या पायांचा आवाज आला न्हाई. माझं खोटं उघडं पडू नये म्हणून तू पैंजण काढून पिशवीत टाकले होतेस. हुपरीच्या बसमध्ये मला शेंगा सोलून दिल्यास.

त्या साक्षीला वर्ष झालं, तुझे पाय अजून मोकळेच हायत. भाऊजी नवा जोड घेऊन पुढं आले, की तू त्यांना काय सांगतेस?

तुझीच,
अक्का