देव बसेल इतका स्वच्छ हात

।। श्री गुरुबसवलिंगाय नमः ।।

मुक्काम वालूर,
चैत्र संपता संपता

तीर्थरूप सिद्धम्मा अक्का हिला धाकट्या चन्नप्पाचे शरणु शरणार्थ.

तुझे गुडघे कसे आहेत? गंगाखेडचा उन्हाळा आमच्यापेक्षा सौम्य असतो असं तू दरवर्षी सांगतेस (गोदागंगेवरून गार वारा येतो म्हणतेस, मी आलो होतो तेव्हा मला साखर कारखान्याच्या मळीचाच वास आला), तेव्हा तब्येत बरी आहे असं धरून चालतो. हे पत्र ऑपरेशन झालेल्या डोळ्याने वाच, दुसऱ्याला ताण देऊ नकोस. घरात फोन असताना चन्नप्पा पत्र कशाला लिहितो, असं तू म्हणशील. अक्का, फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं आणि राहिलेलं अर्धं तू शेजारणीला विचारतेस. आणि हा विषय शेजारणीला विचारण्यासारखा नाही. विषय संडासाचा आहे.

आपल्या राजशेखरचा पोरगा रेवण दिवाळीपासून आमच्याकडे आहे, हे तुला ठाऊकच आहे. पुण्यात सूनबाईची, महेश्वरीची, नोकरी पुन्हा सुरू झाली, पोराला सांभाळणारी बाई सोडून गेली, आणि तीन वर्षांचं ते पोर आमच्या पदरात पडलं. जूनमध्ये त्याला तिकडच्या बालवाडीत घालायचं आहे. पण त्या बालवाडीचा नियम असा की पोराचा डायपर सुटलेला पाहिजे, शू-शी आली की त्याला सांगता आलं पाहिजे आणि नंतर हात धुता आले पाहिजेत. (आमच्या वेळी शाळेत घालताना उजव्या हाताने डोक्यावरून डावा कान धरता येतो का, एवढंच बघत. हल्ली परीक्षा फार खालून सुरू होतात.) जाताना महेश्वरी पाया पडली आणि म्हणाली, "मामा, एवढं शिकवा त्याला. शिकला की त्याच आठवड्यात न्यायला येते." म्हणजे बघ अक्का, पोरगं पास झालं की मास्तरच्या घरातून जाणार. अशी मास्तरकी जगात कुणाच्या वाट्याला आली असेल असं मला वाटत नाही.

दुकान भाड्याने दिल्यापासून दुपारी मला काम नसतं. रेवणला मांडीवर थोपटत पडतो, आणि छताकडे बघताना मनात येतं, आपल्याला हे सगळं कुणी शिकवलं असेल? फार आठवून पाहिलं. अंगणातला रांजण आठवतो, आईचा ओला हात आठवतो आणि तू आठवतेस. तुरीच्या कडेला मी बसलेला, मी मागे पडू नये म्हणून तू माझ्या सदऱ्याचं टोक मुठीत धरून उभी, तोंड दुसरीकडे केलेलं, आणि काहीतरी गुणगुणत होतीस. समोर सगळं आभाळ मोकळं होतं. मला तेव्हा वाटायचं, जगातली सगळी माणसं अशीच पाठ करून उभी असतात आणि आपल्याला पडू देत नाहीत. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, आज संडासाच्या निमित्ताने सांगून टाकतो.

तर शिक्षणाला सुरुवात झाली ती बदकापासून. राजशेखरने पुण्याहून प्लास्टिकचं पिवळं बदक पाठवलं. त्याच्या पाठीवर भोक, त्यावर पोराने बसायचं. रेवणने पहिल्या दिवशी त्याला आंघोळ घातली, दुसऱ्या दिवशी पावडर लावली आणि त्यानंतर ते त्याच्याशेजारी गोधडीत झोपायला लागलं. बस म्हटलं की डोळ्यात पाणी. "न्हाई अज्जा, त्याला दुखतंय." आता एवढ्या दयाळू पोराला बळंच कसं बसवायचं? बदक राहिलं गोधडीत आणि बदकाचं काम गोधडीत झालं.

मग माझ्या गुडघ्यांसाठी बसवलेल्या कमोडवर मी त्याला धरून बसवायला लागलो. मी समोर पाटावर, तो वर, त्याचे दोन्ही हात माझ्या खांद्यावर. अक्का, खरं सांगतो, एवढी निवांत जागा घरात दुसरी नाही. वरच्या झरोक्यातून उन्हाची एक पट्टी येते आणि भिंतीवरून सरकत सरकत बादलीपर्यंत उतरते. टाकीत पाणी ठिबकतं. बाहेर पारव्यांचं घुमणं चालू असतं. मी त्याला गोष्ट सांगतो, गोष्टीतला राजा जंगलात शिरतो आणि तिथेच राहतो, कारण मला डुलकी लागलेली असते. एकदा तुझ्या भावजयीने, पार्वतीने, दार ठोठावलं तेव्हा आम्ही दोघं एकमेकांच्या खांद्यावर डोकं टेकून झोपलो होतो. (काम काहीच झालेलं नव्हतं. ते ती दार ठोठावत असताना झालं, घाबरून.) त्याला प्रश्नही तिथेच सुचतात. हे सगळं जातं कुठं, असं त्याने विचारलं. मी शेतकऱ्याचा नातू, सगळं नीट सांगितलं. नळीतून टाकीत जातं, टाकीतून मातीत, मातीत खत होतं, खतावर ज्वारी येते. पोर लक्ष देऊन ऐकत होतं. दुसऱ्या दिवशी ताटातली भाकरी दोन्ही हातांनी वर धरून म्हणालं, "अज्जा, ही माझी हाय का?" त्या दिवशी तो जेवला नाही. लपवून काय करू, मलाही घास उतरला नाही.

यापुढचं लिहू की नको असा विचार करत होतो, पण तू मोठी आहेस, पोटात घालशील. मी रोज सकाळी अंगणातल्या बेलाला तांब्याभर पाणी घालतो. रेवण पायरीवर बसून बघत असायचा. एक दिवस त्यानेही घातलं, तांब्याशिवाय. आणि ते कुणाच्या लक्षात यायच्या आधी त्याचा बरेच दिवस नेम चालू होता, असं आता दिसतं, कारण त्या बाजूच्या फांदीला पालवी फार सुंदर आली होती. पार्वती तर कौतुकाने त्याच फांदीची पानं पूजेला खुडत होती. तिने ज्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं, त्या दिवशी ती पायरीवर बसलीच. "अहो, तुमी पोराला शिकवायलाव का बिघडवायलाव?" एवढंच बोलली, पण दिवसभर तेवढंच बोलली. आता बेल शेजारच्या किशनरावांच्या झाडाचा आणतो. (किशनरावांनाही नातू आहेत, हे मी पार्वतीला आठवण करून दिलेलं नाही.)

म्हणून मी ठरवलं की आता शिस्तीने घ्यायचं आणि हातापासून सुरुवात करायची. रेवणला समोर उभं करून दोन्ही हात ओळखायला शिकवले. उजवा हात जेवायचा. डावा हात धुवायचा, तो घाणीचा, तो तोंडात घालायचा नाही, ताटाला लावायचा नाही. पोराने मान डोलवली. मला वाटलं, जमलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पूजेला बसलो. तुला काय सांगायचं, तूही रोज तशीच बसतेस. गळ्यातलं इष्टलिंग काढलं, डाव्या तळहातावर घेतलं, उजव्या हाताने भस्म लावणार तोच मागून आरोळी आली, "अज्जा! त्यो हात घाणीचा हाय ना!" एवढं आयुष्य गेलं, लिंग रोज डाव्या हातावर घेतलं आणि डाव्याच हाताने बाकी सगळं उरकलं, पण या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून कधी पाहिल्या नव्हत्या. पार्वती स्वयंपाकघरातून आली आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. मी डोळे मिटून घेतले. ध्यानाचा हा एक फायदा आहे.

मागे एका सोमवारी आपल्या मठाचे अय्या प्रसादाला आले तेव्हा मी त्यांच्यापुढे हा प्रश्न ठेवला. त्यांनी रेवणकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, खीर आणखी वाढून घेतली आणि म्हणाले, "प्रश्न लय मोठा हाय." मठात विचारून सांगतो म्हणून गेले, ते अजून आलेले नाहीत. तोवर रेवणनेच आपल्यापुरता निकाल लावला. तो आता डावा हात धुतो. साबणाने धुतो, मग बेसनाने, मग अज्जीच्या भस्माने, मग वास घेऊन बघतो आणि पुन्हा साबणाने. आणि ओला तळहात माझ्या नाकापाशी धरून विचारतो, "देव बसंल का?" मी चष्मा लावतो आणि बघतो. अक्का, इतका लहान तळहात. रेषासुद्धा अजून नीट उमटलेल्या नाहीत, पाण्याने बोटांची टोकं सुरकुतलेली. मी म्हणतो, बसेल रे राजा. (कधी कधी मुद्दाम नाही म्हणतो. तो पळत जाऊन पुन्हा धुऊन येतो आणि मला तो हात पुन्हा बघायला मिळतो.) यात दुपारच्या आत टाकी रिकामी होते. गावात टँकरची वाट बघणारी माणसं आहेत आणि आमच्या न्हाणीत ओढा वाहतो, म्हणून पार्वती कावते. शिवाय तो आता सगळ्यांचेच हात बघतो. परवा गल्लीतले भगवानराव चहाला आले. आपल्या रावसाहेबी थाटात खुर्चीवर बसले, तर याने त्यांचा डावा हात उलगडून बघितला आणि सांगून टाकलं, "न्हाई बसणार." भगवानराव मोठ्याने हसले, मिशीवर ताव दिला आणि थोड्या वेळाने गुपचूप मोरीवर जाऊन हात धुऊन आले.

एवढं सगळं होऊनही मूळ विद्या काही पोराच्या अंगी लागत नाही. हात लखलखीत, पण खाली सगळा आनंद. "आली" म्हणायच्या ऐवजी "झाली" म्हणतो. रोज संध्याकाळी महेश्वरीचा व्हिडिओवाला फोन येतो, आणि मी रोज सांगतो, नाही गं बाई, अजून नाही. ती म्हणते, असू द्या मामा, शिकेल हळूहळू. मग बोलणं संपलं तरी फोन ठेवत नाही. रेवण तिला तळहात दाखवतो, ती तिकडून आपला हात काचेला लावते, आणि मी उगाच फॅनचं बटण बघायला उठतो. जून तोंडावर आला आहे. कसं व्हायचं, ही एकच काळजी आहे.

बाकी क्षेम. भाऊजींच्या फोटोला माझा नमस्कार सांग, आणि औषधाची गोळी दुधाबरोबर नको, पाण्याबरोबर घे. तू सदरा धरून उभी होतीस म्हणून जो कधी पडला नाही तो,

तुझा,
चन्नप्पा

ता. क. पत्र घडी घातलं होतं, पुन्हा उलगडलं. अक्का, तुझ्याशी खोटं बोललं की मला रात्री पोटात दुखतं. रेवण शिकला आहे. अय्या येऊन गेले त्याच आठवड्यात शिकला. पूजेला माझ्या शेजारी बसायचं असेल तर चड्डी कोरडी पाहिजे, असं मी सहज बोललो आणि पोराने ते मनावर घेतलं. आता "आली" म्हणतो, पळत जातो, स्वतः बसतो, पाणी घेतो, हात धुतो आणि येऊन शेजारी मांडी घालतो. वर "झाली" वगैरे लिहिलं ते पूर्वीचं समज. हे मी पुण्याला सांगितलेलं नाही. महेश्वरीला थोडा संशय आला आहे आणि ती तुला विचारणार आहे, कारण सिद्धम्मा आत्या खोटं बोलत नाहीत ही तुझी ख्याती पुण्यापर्यंत गेली आहे. तिचा फोन आला की तू फक्त "अजून न्हाई गं" एवढं म्हण. या पत्राचं कारण हेच. जून गेला की एक वर्ष तरी पोरगं राहील.

ता. क. २. काल पाकीट चिकटवायला डिंक शोधत मागच्या अंगणात गेलो, तर पार्वती रेवणच्या धुतलेल्या, वाळलेल्या, घडी घातलेल्या चड्ड्या बादलीत बुडवून पुन्हा दोरीवर टाकत होती. म्हटलं, पाण्याची एवढी बोंब असताना हे काय चाललंय? तिने माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाली, "संध्याकाळी फोनमधी दोरी दिसती तिला. ओल्या दिसायला पायजेत." म्हणजे पोर शिकलंय हे इतके दिवस ती माझ्यापासून लपवत होती आणि मी तिच्यापासून. मी तिला चिमटे दिले.

ता. क. ३. आता तुला खोटं बोलायची गरज नाही. आज फोन आला तेव्हा मी बोलायच्या आत रेवणने फोन हातात घेतला आणि सांगितलं, "मम्मी, माज्या सुक्या चड्ड्या अज्जी ओल्या करायलीय!" आम्ही दोघं दोन भिंतींकडे बघत उभे. मला वाटलं, आता महेश्वरी चिडणार, आणि चिडली असती तर बरं झालं असतं. ती चिडली नाही. मग म्हणाली, "मामा, त्याला हात पुरावा म्हणून मी बेसिनखाली ठेवायला स्टूल आणून ठेवलंय. रोज पुसायलेय मी ते." एवढंच म्हणाली. अक्का, मला पार्वतीचा जीव दिसला, माझा दिसला. त्या पोरीचा मला दिसलाच नाही. मी स्वतःच म्हणालो, बाई, रविवारी येऊन घेऊन जा. तेव्हा तू एक कर. गुडघ्याला जमेल तशी रविवारी संध्याकाळपर्यंत इकडे ये. येताना काही आणू नकोस. सोमवारी सकाळी दोरी रिकामी असेल आणि न्हाणी कोरडी ठणठणीत, आणि पार्वती माझ्यासमोर रडणार नाही, आणि मी तिच्यासमोर रडणार नाही.