हँडब्रेकच्या तारेला सुंभ

कट्टा, मंगळवार, १२ नोव्हेंबर १९६३

डॉक्टरांची जुनी गाडी आज दुरुस्त करून दिली. खाऱ्या हवेने खाल्लेल्या चासीला मी जाड लोखंडी पट्टी जोडली, तर हँडब्रेकची तार तिच्या कडेला घासू लागली. पट्टी कापायचा कंटाळा केला. गलबतावर दोर जिथे घासायचा तिथे बाबा सुंभ गुंडाळायचे, तसाच मी तारेला गुंडाळला. डॉक्टर म्हणाले, “तुझो हात बरो आसा रे.” तेव्हाच सांगायला हवं होतं. सुंभ खारं पाणी धरून ठेवतो, आत तार गंजणार. बाबांच्या दोराला कुठे गंज चढायचा?

उद्या सकाळी डॉक्टर बायकोमुलांसह गाडी जंगारावर, दोन होड्यांवर ठोकलेल्या फळ्यांवर, घालून खाडी ओलांडणार. तिथे गाडीला धरून ठेवणारी तीच तार. एका दिवसात ती तुटत नाही, हे कळतं मला. तरी चाकामागे लावायचं लाकूड मघाशीच सायकलला बांधून ठेवलं. सकाळी धक्क्यावर जाऊन डॉक्टरांना काय सांगू, सुंभाचं की कंटाळ्याचं?