तुझ्यापुढे ठेवलेली वाटी

आये,

आज रविवार आहे आणि मी पेज केली आहे. इथे जर्मनीत रविवारी कुणी भिंतीत खिळासुद्धा ठोकत नाही, त्यामुळे पातेल्यात तांदूळ शिजतानाचा आवाज पार बाहेरच्या खोलीपर्यंत ऐकू येतो. उकडे तांदूळ श्रीलंकेच्या एका माणसाच्या दुकानात मिळाले. सूनबाई तुझी म्हणाली, "अहो, एवढ्या वर्षांत कधी पेज मागितली नाहीत. बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, बरा आहे. मुलीने झाकण काढून पाहिलं आणि जर्मनमध्ये विचारलं, ही खीर आहे का, साखर कुठाय? दोघींना नीट सांगायला गेलो असतो तर सगळंच सांगावं लागलं असतं. म्हणून तुला लिहायला बसलो.

या वर्षी मी चीनला जाऊन आलो. तुझ्या लेखी चीन म्हणजे लोणच्याच्या बरण्या. त्या चिनी मातीच्या, खांद्याला पिवळसर पट्टा असलेल्या, ज्यांना तू पारोशा हाताने शिवू द्यायची नाहीस. लुडविग्सहाफेनच्या कारखान्यात मी पंपांच्या देखभालीचं काम करतो हे तुला माहीत होतं. माझ्या शेजारच्या टेबलावर एक चिनी इंजिनियर बसतो हे मी तुला कधी सांगितलं नसेन. दुपारी कँटीनमध्ये आम्ही दोघेच घरचा डबा उघडतो. बाकीचे आमच्या टेबलाला 'आशिया' म्हणतात. तो माझी आमटी चाखतो, मी त्याच्या डब्यातला फक्त भात आणि काकडी घेतो, कारण मी काय खात नाही हे त्याला पाठ आहे. कामासाठी आम्हा दोघांना त्याच्या देशात पाठवायचं ठरलं, तेव्हा तो डबा बंद करत म्हणाला, "काम संपलं की माझ्या गावी चल."

"मी कशाला?"

"पाहुण्यासमोर आई भांडणार नाही."

"आणि भांडलीच तर?"

"तर तुला एक अक्षर कळणार नाही. गेनाऊ, अगदी बरोबर, म्हणून तर तुला नेतोय."

हसला, पण डब्याचं झाकण त्याच्याने नीट बसेना. मग त्याने हळूहळू सांगितलं. साथीच्या काळात, सगळ्या सीमा बंद असताना, त्याचे वडील गेले. मातीला देतानाचं त्याने फोनवर पाहिलं, स्वयंपाकघरात उभं राहून. पुढे सीमा उघडल्या, विमानं सुरू झाली, तरी तो गेला नाही. कधी रजा नाही, कधी मुलाची परीक्षा. खरं कारण असं की त्याला तोंड दाखवायचा धीर होत नव्हता. आई फोनवर कधी बोल लावायची नाही. "जेवलास?" एवढंच विचारायची आणि फोन ठेवून द्यायची. तिने आपल्याला अजून घरचा धरलं आहे की नाही, एवढंच त्याला जाऊन बघायचं होतं.

सेच्वान नावाच्या प्रांतात त्याचं गाव आहे. बसमधून उतरलो तर वाफे, बांबूची बेटं, चिखलात पाय रोवून उभ्या म्हशी. मला क्षणभर वाटलं की पुढच्या वळणावर आपली विहीर लागेल. दारात त्याची आई उभी होती. तुझ्याएवढीच उंची, कमरेला निळं फडकं. तिने लेकाला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि काहीतरी बोलली. मी विचारलं, काय म्हणाली? तो म्हणाला, "हात धू म्हणाली."

जेवायला बसलो. पाहुणा मासमच्छी खात नाही, अंडंही खात नाही, हे त्याने आधीच फोनवर सांगून ठेवलं होतं, आणि तिने माझ्यासाठी कढई वेगळी घासून ठेवली होती, पळीसुद्धा नवी काढली होती. वांगी, शेंगा, सोयाबीनचं पनीर आणि एक कोवळी पालेभाजी. त्या भाजीला असा एक खमंगपणा होता, जो मी पूर्वी कुठल्याच भाजीत चाखला नव्हता. "ती विचारतेय, तुला चालतंय ना?" मी म्हटलं, छान आहे. ती मात्र बसली नाही. स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहून वाढत राहिली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. तू तरी कधी आमच्याबरोबर बसलीस? पण त्याचं जेवणाकडे लक्षच नव्हतं. जर्मनमध्ये पुटपुटला, "ही तिची जागा आहे. बाबांच्या शेजारची. आमच्याकडे सगळे एकत्र बसतात. ती नंतर जेवणार म्हणते." टेबलाभोवती चार बाकडी होती. दोहोंवर आम्ही, दोन रिकामी.

त्यात माझी वेगळीच फजिती. ताटात काही टाकायचं नाही ही तुझी शिकवण, म्हणून मी वाडगा चाटूनपुसून रिकामा करत होतो. तिकडे रिकामा वाडगा म्हणजे पाहुण्याचं पोट भरलेलं नाही. मी संपवला की ती भरायची, तिने भरला की मी संपवायचा. शेवटी तो चिडून म्हणाला, "अरे, थोडं टाक ना! तू थांबल्याशिवाय ती थांबणार नाही."

"मला टाकता येत नाही."

"तिला थांबता येत नाही. मग चालू दे सकाळपर्यंत."

तेव्हा ती पहिल्यांदा हसली. लेकाकडे बघून नव्हे, माझ्याकडे बघून.

त्या रात्री अंथरुणावर मला खालच्या वाडीतली काकी आठवली, मासेमारीच्या होडीवरच्या तांडेलाची बायको. तिच्याकडे सत्यनारायणाला गेलो होतो. मी शाळेत नुकताच जाऊ लागलो होतो. तिने उसळ वाढली तर मी सगळ्यांदेखत विचारलं, यात काही घातलं नाही ना? आपण माळकरी, म्हणून. काकीचं तोंड एवढंसं झालं. घरी आल्यावर तू मला मारलं नाहीस. मागीलदारी पायावर पाणी घेता घेता म्हणालीस, "इचारूचा आसला तर जावचाच नाय. गेलंस मगे खावचा." खरं तर तू स्वतः काकीकडे गूळ-पाण्यापलीकडे कधी काही घेतलं नाहीस. त्या दोन गोष्टींचा मेळ मला तेव्हाही बसला नाही.

दुसऱ्या दिवशी लेकाचं पोट बिघडलं. इतक्या वर्षांत त्या तेला-मिरचीची सवय मोडली होती. त्याने बिचाऱ्याने पाव मिळेल का, कॉफी मिळेल का, असं विचारलं. त्यावर ती जे म्हणाली ते त्याने मला सांगितलं : "याच्या पोटाला आता घर ओळखू येत नाही." मग तिने कोपऱ्यातली बरणी ओढली. तिच्या तोंडाभोवती खोलगट कड, कडेत पाणी आणि पाण्यात पालथं झाकण, म्हणजे वारा आत जायला नको. तुला ती बरणी फार आवडली असती. तिच्यातून खारवलेला मुळा आणि मिरच्या काढल्या, आणि दोघांपुढे वाफाळती पेज ठेवली. होय, पेजच. आपली. मुळ्याबरोबर दाताखाली एक टरफल आलं, जीभ बधिर झाली आणि मी मोठ्याने ओरडलो, "तिरफळ!" मोड आलेल्या मुगांच्या आमटीत तू ठेचून घालायचीस तोच वास. सख्खा नसेल, पण चुलत नक्की. म्हातारी दिवसभर "ति-फा, ति-फा" म्हणत हसत होती. लेक सगळी पेज प्यायला. पण ती त्याही वेळी उभीच. भिंतीवर, फळीवर, वडिलांचा फोटो होता, पुढे उदबत्त्यांसाठी वाळूने भरलेलं भांडं. त्याच्याकडे तो बघत नव्हता आणि ती बघ म्हणत नव्हती. थडग्यावर जायचं दोघंही बोलत नव्हती.

निघायच्या आदल्या सकाळी मी माझी चूक केली. तू मला इकडे येताना पितळेचं उदबत्तीचं घर दिलं होतंस, कासवाच्या आकाराचं. ते मी घरीच ठेवून गेलो होतो. प्रवासात देवाचं नाव घेतलं की भागतं. पण त्या दिवशी अंघोळ झाली, घरात कुणी नव्हतं, उगवतीचं ऊन त्या टेबलावर आलं होतं, आणि उदबत्तीचा पुडा माझ्या पिशवीत होता. कासव येण्याआधी तू काय करायचीस? वाटीभर तांदळात उदबत्ती खोचायचीस. मीही तेच केलं. कणगीतले मूठभर तांदूळ जेवणाच्या वाडग्यात घेतले, उदबत्ती खोचली, पूर्वेच्या अंगाला ठेवली आणि डोळे मिटून उभा राहिलो.

किंचाळी ऐकून डोळे उघडले. ती दारात होती, हातातली भाजी सगळी खाली. धावत येऊन तिने उदबत्ती उपटली, वाडगा छातीशी धरला आणि लेकाच्या नावाने ओरडू लागली. तो मागीलदारातून पळत आला आणि तिच्या हातातली उदबत्ती, आपल्या बाकड्यासमोर सांडलेले तांदूळ बघून पांढराफटक पडला.

"हे तू ठेवलंस? माझ्या जागेवर?"

"मी देवाला..."

"अरे, तांदळाच्या वाडग्यात उदबत्ती उभी करतात ती मेलेल्या माणसापुढे! तू मला मारून ठेवलंस!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिच्यापुढे हात जोडले, मराठीतच म्हणालो, आई, चुकलं. तिने लेकाला काहीतरी विचारलं. तो म्हणाला, "ती विचारते, तुमच्याकडे हे कुणी शिकवलं?"

"माझ्या आईने."

"ती आहे का, असं विचारते."

"नाही. गेली. मी जर्मनीत होतो. पोचलो तेव्हा राख सावडून झाली होती."

  खालच्या आवाजात त्याने आईला ते सांगितलं आणि शेवटचं वाक्य सांगताना त्याचा आवाज फुटला, कारण ते सांगता सांगता माझं राहिलं नव्हतं, त्याचं झालं होतं. म्हातारी आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. आम्ही दोघेही पन्नाशीला टेकलेले, शाळेत उशिरा पोचलेल्या पोरांसारखे उभे.

मग ती आत गेली. आदल्या रात्रीची भाजी गरम झाल्याचा वास आला. दोन वाडग्यांत भात, दोन वाट्यांत भाजी घेऊन आली आणि फळीवर मांडलं. एक तिच्या माणसापुढे, दुसरं त्याच्या शेजारी, जिथे काहीच नव्हतं. माझ्या तांदळाच्या वाडग्यात उदबत्ती तिनेच पुन्हा खोचली आणि त्या मोकळ्या जागी ठेवली. बोटाने मला खूण केली : तुझी आई. मग लेकाकडे वळून तिने एकच वाक्य म्हटलं. तो गुडघ्यांवर बसला आणि कपाळ जमिनीला टेकून राहिला, उठेचना. मला अर्थ त्याने बसमध्ये सांगितला. ती म्हणाली होती, "तू कशाची वाट बघतोस? तुझा बाप केव्हापासून उपाशी आहे."

त्या दुपारी तिने आपलं बाकडं ओढलं आणि बसली. लेकाच्या वाडग्यात तिने आपल्या जेवणाच्या काड्यांनी भाजी घातली, त्याने तिच्या वाडग्यात.  मी वाडग्यात घासभर भात मुद्दाम टाकला. जन्मात पहिल्यांदा. ते बघून तिने समजुतीने मान हलवली.

आता तो कँटीनमध्ये तिच्या मुळ्याचं लोणचं आणतो, आणि पुढच्या वर्षीच्या रजेचा अर्ज त्याने आत्ताच टाकला आहे. मी तिरफळांची पुडी आणली. पेज निवत आली आहे, तुझं पितळी कासव समोर आहे. हे पत्र कुठे टाकायचं नाही, वहीतच राहील. पण लिहायला बसलो ते एका गोष्टीसाठी, आणि तीच शेवटपर्यंत ढकलत आणली.

त्या पालेभाजीचा खमंगपणा चरबीचा होता. डुकराच्या. चुलीशी पांढऱ्या, थिजलेल्या तुपासारखं काही ठेवलेलं होतं. दुसऱ्या सकाळी ती त्यातून पळीभर कढईत सोडताना मी पाहिलं आणि कळून चुकलं. तिच्या लेखी ते मांस नव्हे, तेल. लेकाला सांगितलं असतं तर तो तिच्यावर ओरडला असता, आणि ती आधीच त्याच्याबरोबर जेवायला बसत नव्हती. म्हणून मी खाल्लं, त्या दिवशी आणि पुढेही. माझं मी देवाला सांगून मोकळा झालो. पण तुझ्यापुढे जी वाटी ठेवली, तिच्यातही तीच भाजी होती, आये, आणि मी तिला थांबवलं नाही.

तू तिथे गेलीच असशील, तर खाल्लंही असशील. मी विचारणार नाही.