व्हॉल्व्हच्या तुटलेल्या दांड्याच्या लॉटमधील उर्वरित दांडे बदलण्याबाबत

प्रति,
मा. कारखाना सुरक्षा निरीक्षक,
औद्योगिक सुरक्षा कार्यालय

विषय : वरीलप्रमाणे.
संदर्भ : अपघात फिटरच्या निष्काळजीपणामुळे घडल्याचा आपला अहवाल.

महोदय,

अर्जदार ही मयत फिटरची पत्नी असून सविनय कळविते की,

१. उकळत्या खाऱ्या पाण्याच्या लाइनवरील व्हॉल्व्ह बंद करताना त्याचा स्टेनलेस स्टीलचा दांडा तुटला व पाणी अर्जदाराच्या पतीच्या अंगावर आले. त्यांनी दांडा वाजवीपेक्षा जास्त पिळला, असे अहवालात नमूद आहे. उभा जन्म व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या माणसाच्या अंगात त्याच दिवशी एवढे बळ कोठून आले, याचा खुलासा अहवालात नाही.

२. अर्जदाराचे दीर त्याच कारखान्यात भट्टीवर आहेत. दांड्यांचा पृष्ठभाग टणक व्हावा म्हणून तेथे त्यात नायट्रोजन मुरवतात. मंद आचेवर सावकाश मुरवल्यास दांडा गंजाला अधिकच दाद देत नाही. आच वाढवल्यास काम लवकर उरकते, परंतु गंज रोखणारे क्रोमियम नायट्रोजनशी बांधले जाते आणि खारे पाणी पोलाद पोखरते. अंत्यविधीहून परतल्यावर दीर म्हणाले, "वहिनी, त्या लॉटला आच वाढवली होती. माल लवकर हवा होता." लेखी देता का विचारताच ते उठून चपला घालू लागले. त्यांनाही लेकरे आहेत. अर्जदाराचा त्यांच्यावर राग नाही.

३. दांडा कापून तपासावा, अशी विनंती केली असता, अशी विनंती तो व्हॉल्व्ह हाताळणाऱ्या कामगाराने स्वतःच्या सहीने करावी, असे आपल्या कार्यालयाने कळविले. मृत्यूचा दाखला जोडला असता "कामगाराची सही नाही" या शेऱ्यासह अर्ज परत आला. पुढे तो दांडा भंगारात गेल्याचे समजले.

४. दरम्यान कारखान्याने अर्जदाराच्या थोरल्या मुलीस वडिलांच्या जागी घेतले. घरात दुसरे कमावते कोणी नसल्याने अर्जदारानेच तिला जा म्हटले. तिला तीच लाइन मिळाली असून त्याच लॉटचे दांडे तेथे अद्याप बसवलेले आहेत. पाळी सुटायला उशीर झाला की अर्जदार फाटकाशी जाऊन उभी राहते. पहारेकरी आता हटकतही नाही.

५. सबब, ते दांडे बदलेपर्यंत लाइन बंद ठेवावी. त्यासाठी आवश्यक असल्यास, पती निष्काळजी होते असे अर्जदार स्वहस्ते लिहून देईल. मजकूर आपण सांगावा.

आपली नम्र,
मयत फिटरची पत्नी
(सही)