पेटीवरचा तालुका

१२ एप्रिल २०२५
छावणीतून

तीर्थस्वरूप दादांस,
इंद्राचा शिरसाष्टांग नमस्कार. वहिनींनाही नमस्कार. इकडे आम्ही तिघं खुशाल आहोत, तुमचीही खुशाली असेल असं धरून चालतो.

तुम्ही म्हणाल, खिशात फोन असताना ह्याला पत्र कुठून सुचलं. दादा, तुम्ही फोन घेतला की आधी स्पीकर लावता. मग मी तुमच्याशी बोलतो आणि उत्तर शेजारच्या रंगुबाई काकी देतात. मागच्या खेपेला मी हळूच गुडघ्याचं दुखणं सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी चुलतभाऊ राजवर्धनचा कुपवाडहून फोन, की गुडघ्याला काय लावतोस. म्हणून पत्र. हे तुम्ही एकट्यानं वाचा, मोठ्यानं वाचू नका.

तर बातमी अशी की ३१ मेला मी नोकरीतून मोकळा होतो. बावीस वर्षं झाली. निवृत्तीच्या कागदात एक रकाना आहे, नोकरीनंतर कायमचं कुठं राहणार? जे गाव लिहू तिथं सरकारी खर्चानं सामान जातं. एवढाच रकाना, पण माझा कागद क्लार्कनं दोनदा परत केला, कारण मी तो कोराच ठेवला होता. गाड्यांची इंजिनं उघडून जोडण्यात जन्म गेला, कुठला नट कुठं बसतो ते डोळे मिटून सांगेन. मी स्वतः कुठं बसतो ते मात्र सांगता येईना.

एकीकडे तुम्ही. मळ्यात माझ्यासाठी दोन खोल्यांचा स्लॅब टाकलात, त्याचा फोटो वहिनींनी पाठवला. पण ऊस तुमचा तुम्हाला पुरतो, मी तिथं बांधावर उभा राहून काय करणार? दुसरीकडे कुपवाड. राजवर्धन म्हणतो, त्याच्या कारखान्यात जागा आहे, लगेच ये. पण ती जागा गेटवरची. मी त्याला म्हटलं, बाबा, मी मेकॅनिक आहे. तो म्हणाला, "भावा, फौजी म्हटल्यावर गेटच." आणि अंकिता यंदा दहावीला. तिची ही सहावी शाळा होईल. परवा तिनं विचारलं, बाबा, नव्या शाळेत आपलं गाव कुठलं म्हणून सांगू? मी म्हटलं, थांब जरा, कळवतो. पोटच्या पोरीला असं कार्यालयीन उत्तर दिलं.

पेट्या रंगवायला टाकल्या आहेत. नव्या पाच आहेत. जुनी मात्र पेंटरला दिली नाही. तीच हो, भरतीच्या वेळची. तुम्ही स्वतः ब्रश घेऊन तिच्यावर माझं नाव लिहिलं होतंत, गाव लिहिलंत आणि सवयीनं खाली लिहिलंत 'ता. खानापूर'. मग कुणीतरी आठवण केली की आपला तालुका आता कडेगाव झाला. तुम्ही चिडून 'खानापूर'वर आडवी रेघ मारलीत आणि खाली 'ता. कडेगाव' लिहिलंत. ट्रेनिंगला सगळे मला 'दोन तालुक्यांचा' म्हणून चिडवायचे.

अंकिताची आई, दीपमाला ठीक आहे. तिचा अभ्यास चालूच असतो. बाकी तिच्याबद्दल विशेष काही नाही.

तुम्ही काय म्हणता ते कळवा. म्हणजे तुम्ही काय म्हणणार ते मला ठाऊक आहे, तरी कळवा.

आपला,
इंद्रजित


१८ जून २०२५
कुपवाड

तीर्थस्वरूप दादांस,
सा. नमस्कार. तुमचा फोन आला तेव्हा मी ड्यूटीवर होतो, नीट बोलता आलं नाही. शिवाय मागून वहिनींचा आणि रंगुबाई काकींचा आवाज येत होता. त्यामुळे सविस्तर लिहितो.

सामानाचा घोटाळा झाला तो असा. मी कागदावर कडेगाव लिहिलं होतं. आमचा क्लार्क परमुलखातला, त्याला कडेगाव काय आणि कोरेगाव काय. इंग्रजीत दोन्ही एकाच अक्षरानं सुरू होतात आणि एकाच अक्षरावर संपतात. मधल्या अक्षरांत त्यानं गडबड केली. ट्रक निघून गेल्यावर माझ्या लक्षात आलं. ड्रायव्हरला फोन लावला तर तो लागेना. त्यानं थेट कोरेगावात माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे हंबीररावांच्या दारात सगळं उतरवलं. आता तुम्ही विचाराल की त्याला नेमकं सासऱ्यांचंच दार कसं सापडलं. तर गावात चौकशी केली असेल.

म्हणून दीपमाला आणि अंकिता सध्या तिथंच आहेत, सामानापाशी. शाळा सुरू झाल्या म्हणून अंकिताचं नाव तात्पुरतं तिथल्याच शाळेत घातलं. दहावीचं वर्ष, उगाच दिवस बुडायला नकोत.

मी इकडे खोली घेतली आहे. सकाळी दुचाक्यांची रांग आत सोडायची, संध्याकाळी बाहेर सोडायची. मधल्या वेळेत वहीत गाड्यांचे नंबर लिहायचे. माणसं चांगली आहेत. मला सगळे 'मेजर' म्हणतात. मी हवालदार होतो असं दोनदा सांगून पाहिलं, आता सोडून दिलं. गेल्या आठवड्यात आतली माल उचलायची गाडी माझ्यासमोरच बंद पडली. ऑपरेटर नुसता सेल्फ मारत बसला होता. मला राहवलं नाही, जाऊन डिझेलची नळी साफ केली, गाडी चालू झाली. तर सुपरवायझर म्हणाला, मेजर, गेट कुणावर सोडलं? बरोबरच होतं त्याचं. राजवर्धन बिचारा ओशाळला.

कधी वाटतं, इथंच दोन खोल्या बघून सगळ्यांना आणावं. कधी वाटतं, सरळ मळ्यात यावं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी गत आहे. सकाळी एक ठरवतो आणि डबा खाईपर्यंत ते मोडतो. दीपमालाला विचारावं तर ती म्हणते, तुम्ही ठरवा, मी काय ते सांगितलंय. काय सांगितलंय ते पुन्हा केव्हातरी लिहीन.

एक विनंती. तुम्ही टेम्पो करून सामान आणायला कोरेगावला जाणार असं म्हणालात, तसं करू नका. पावसाचे दिवस, तुमची कंबर दुखते. मीच सवडीनं काय ते बघतो. जाऊच नका.

आपला,
इंद्रजित


३ ऑगस्ट २०२५
कोरेगाव

दादा,
नमस्कार करून पत्र सुरू करायचं धाडस होत नाही, तरी करतो.

बेंदूर झाला आणि दोन दिवसांनी तुम्ही टेम्पो घेऊन इथं आलात. मी नको म्हटलं होतं म्हणूनच आलात, हे मला कळायला हवं होतं. मी त्या दिवशी कुपवाडच्या गेटवर होतो. काय झालं ते मला सासऱ्यांनी आणि अंकितानं सांगितलं, आणि दोघांच्या सांगण्यात काडीचाही फरक नाही.

तुम्ही ओसरीवरच्या पाचही पेट्या वाकून वाचल्यात. पाचहीवर माझं नाव आणि खाली पांढऱ्या रंगात 'कोरेगाव, जि. सातारा'. तुम्ही अंकिताला विचारलंत, "ह्ये कुनी लिवलं गं?" ती म्हणाली, बाबांनी छावणीतल्या पेंटरकडून करून घेतलं, एप्रिलमध्येच. तिला काय ठाऊक, मी क्लार्कच्या नावानं तुम्हाला काय काय लिहिलंय ते.

तेवढ्यात दीपमाला कामावरून आली आणि वाटेवरच्या एका बाईनं तिला 'तलाठी मॅडम' म्हणून हाक मारली. ते तुम्ही ऐकलंत. धाकट्या भावजयीशी तुम्ही थेट बोलत नाही, म्हणून अंकिताकडं बघून म्हणालात, "तुज्या आईला म्हनावं, एवढी मोटी बातमी, मग माजं पेढं कुटं गेलं?"

दीपमाला आत जाऊन रडली. मला तिनं हे रागानं सांगितलं, आणि तिचा राग रास्त आहे.

आता खरं लिहितो. दीपमालाच्या नेमणुकीचं पत्र मार्चअखेरीस आलं. मी तुम्हाला पहिलं पत्र लिहिलं तेव्हा ते माझ्या पेटीत होतं. मी ड्यूटीवर असताना तिनं आठ वर्षं अभ्यास केला. चार वेळा परीक्षा दिली आणि सातारा जिल्ह्याच्या यादीत आली. 'तिच्याबद्दल विशेष काही नाही' असं मी लिहिलं. ते वाक्य मला आता वाचवत नाही. आपल्या घरात सातबाऱ्यासाठी चपला झिजवलेली माणसं आहेत, त्या घरात तलाठी झाली आणि मी ती बातमी चोरून ठेवली.

कारण काय, तर एक शब्द. तो लिहायला मला तीन पत्रं लागली. घरजावई. बायको साहेब झाली, नवरा सासऱ्याच्या माडीवर राहायला गेला, हे पारावर कसं बोलतील ते मला तोंडपाठ होतं. दुसरं कुणी बोललेलं मी सोसलं असतं. तुम्ही फोनला स्पीकर लावून बसला आहात, रंगुबाई काकी विचारतायत की इंद्रा कुठं राह्यला, आणि तुम्हाला उत्तर सुचत नाही, एवढं एक मला बघवत नव्हतं. आबा गेल्यावर मला तुम्ही वाढवलंत, भरतीच्या मैदानाबाहेर दिवसभर माझ्या चपला हातात घेऊन उभे राहिलात. माझ्यासाठी स्लॅब टाकलात. तुमच्या स्लॅबखाली न येता मी सासऱ्याच्या पत्र्याखाली जातो हे कसं लिहायचं?

क्लार्कची काही चूक नव्हती. तिसऱ्या वेळी कागद भरताना मी कडेगावच लिहिलं होतं. सही करून बाहेर आलो, चहा घेतला आणि परत आत जाऊन त्याच्याकडून कागद मागून घेतला. कडेगाव खोडून कोरेगाव लिहिलं. तो म्हणाला, पक्का? मी म्हटलं, पक्का. आणि संध्याकाळी पेंटरकडं गेलो. पक्कं तेव्हाही नव्हतं, खरं सांगायचं तर आजही नाही.

गेटवरची नोकरी मी सोडली. राजवर्धनला वाईट वाटलं, पण त्यानं समजून घेतलं. इथं ट्रॅक्टर दुरुस्तीच्या एका गॅरेजात बसतो आहे. मालक वयस्कर आहे, दृष्टी कमी झाली आहे, पान्हा धरलेल्या माझ्या हाताला हात लावून बघतो आणि म्हणतो, बोल्ट बसलाय. पुढं काय ठरेल ते ठरेल. दीपमाला सकाळी स्कूटरवरून तिच्या नेमणुकीच्या गावाला जाते, मी तिला डबा भरून देतो. पहिले चार दिवस दार लावून भरला. आता दार उघडं असतं. अंकिता म्हणते, ह्या शाळेत कुणी तिला 'फौजीची पोरगी' म्हणत नाही, तलाठ्याची म्हणतात. ह्यावर हसावं की काय करावं, ते मला समजलेलं नाही.

तुम्ही सामानातलं काहीच नेलं नाहीत. टेम्पो रिकामाच जाणार असं सासऱ्यांना वाटलं. मग तुम्ही आतून ती जुनी पेटी ओढून काढलीत, तिच्यातले माझे बूट काढून, स्वेटर नीट घडी करून अंकिताच्या हाती दिलेत आणि पेटी तेवढी टेम्पोत घातलीत. अंकितानं तुम्हाला विचारलं, काका, ह्याच्यावर दोन तालुके का आहेत? तुम्ही म्हणालात, "गाव हाय तितंच हाय, बाळ. निस्ता तालुका बदलला." आणि ड्रायव्हरच्या शेजारी न बसता मागं त्या पेटीवरच बसून गेलात. सासरे सांगतात, वळणापर्यंत तुम्ही मागं बघत होतात.

ते बोलणं तुम्ही पेटीबद्दल केलंत की माझ्याबद्दल, हे मी तीन आठवडे स्वतःला विचारतो आहे.

काल तुम्हाला फोन केला. पहिल्यांदाच तुम्ही स्पीकर लावला नाहीत. नुसतं "बोल" म्हणालात आणि वाट बघत राहिलात. मागं कुणाचा आवाज नव्हता. मी ऊस कसा आहे एवढं विचारून फोन ठेवला, म्हणून हे पत्र.

येत्या रविवारी आम्ही तिघं येतोय. पेढे दीपमाला स्वतः तुमच्या हातावर ठेवणार आहे आणि तुमच्याशी थेट बोलणार आहे, तसं तिनं मला बजावलं आहे. दारात घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. घेतलंत तर फोनला स्पीकर लावून सगळ्या आळीला सांगा, इंद्रा कुठं राह्यला आणि का राह्यला ते. मी शेजारी बसेन.

पांढरा रंग आणि बारीक ब्रश मी घेऊन येतो. पेटीवर कडेगावच्या खाली थोडी जागा शिल्लक आहे, मी आठवून बघितलं. तिसरा तालुका तुमच्या हातानं लिहा. वरच्या कडेगाववर रेघ मारू नका. गावाचं नाव आहे तसंच राहू द्या.

तुमचा धाकटा,
इंद्रा
मु. पो. तेच, ता. कोरेगाव